‘फोर्ज्ड इन फायर’ : तुटलेली पाती काय शिकवतात

‘हिस्ट्री’ या अमेरिकी वाहिनीवर जून २०१५मध्ये सुरू झालेली ‘फोर्ज्ड इन फायर’ ही स्पर्धा चाकू घडवणारे कारागीर आवडीने पाहतात आणि तितक्याच हिरिरीने तिच्यावर टीकाही करतात. तीन तासांत चांगले पाते घडत नाही, घड्याळामुळे कारागिरी मागे पडते, आणि हरणांच्या शिंगांवर आपटून चाकूची पारख होत नसते, असे आक्षेप नेहमी घेतले जातात. त्यांतला प्रत्येक आक्षेप खरा आहे. तरीही ज्याला स्वतःच्या हाताने चाकू घडवायचे आहेत त्याने ही मालिका लक्ष देऊन पाहावी, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यामागचे कारण जिंकलेल्या पात्यांपेक्षा हरलेल्या पात्यांत आहे. पोलाद कुठे तुटते, कुठे वाकते, त्याचे थर कसे सुटतात आणि मूठ कशी निखळते, हे इतक्या जवळून आणि इतक्या वेळा दाखवणारे दुसरे साधन सहजासहजी मिळत नाही. आपल्या कार्यशाळेत बिघडलेले पाते आपण बहुधा भंगारात टाकून मोकळे होतो. इथे मात्र ते परीक्षकांच्या हातात धरले जाते आणि दोष नेमका कुठे आहे ते बोट ठेवून सांगितले जाते.

चार स्पर्धक, तीन फेऱ्या आणि दहा हजार डॉलरचे बक्षीस असा स्पर्धेचा साचा आहे. पहिल्या फेरीत ठरवून दिलेल्या मापांचे पाते साधारण तीन तासांत घडवून कडक करायचे, दुसऱ्या फेरीत त्याला मूठ बसवून ते चाचण्यांसाठी सोपवायचे, आणि शेवटी उरलेल्या दोघांनी आपापल्या भट्टीवर परतून चार-पाच दिवसांत एखादे ऐतिहासिक शस्त्र घडवून आणायचे; पहिल्याच हंगामात कताना ही जपानी तलवार, चक्र आणि कट्यार अशी अगदी वेगवेगळ्या जातीची शस्त्रे त्यासाठी निवडलेली होती. सुरुवातीच्या परीक्षकांपैकी जे. नीलसन हे अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या पाती घडवणाऱ्यांच्या संघटनेचे मास्टर स्मिथ, डेव्हिड बेकर हे ऐतिहासिक शस्त्रांचे जाणकार आणि डग मार्कायडा हे शस्त्र चालवण्यातले तज्ज्ञ. पुढे परीक्षक म्हणून आलेले बेन ॲबट तर याच स्पर्धेचे दोन वेळचे विजेते आहेत. पाते कसे घडले, ते मूळ शस्त्राच्या रूपाशी कितपत प्रामाणिक आहे आणि ते हातात कसे वागते, हे तीन वेगळे प्रश्न तीन वेगळ्या माणसांनी विचारावेत, ही मालिकेची रचनाच मला फार मोलाची वाटते. आपण एकटे काम करतो तेव्हा यांतला एखादा प्रश्न विचारायचा हमखास राहून जातो.

मालिकेतला सर्वांत शिकण्याजोगा क्षण म्हणजे पाते तेलात बुडण्याचा. घडाई कितीही देखणी झालेली असो, तापवलेल्या पात्याला पाणी देतानाच्या, म्हणजे ते तेलात झटकन थंड करून कडक करतानाच्या, त्या काही सेकंदांत ते चाकू होणार की भंगार, याचा निकाल लागतो. चुंबक पोलादाला चिकटेनासा होतो तो सुमारे ७७० अंश सेल्सिअसला, आणि १०८४सारख्या साध्या कार्बन पोलादाला पाणी देण्यासाठी योग्य तापमान असते ८०० ते ८१५ अंशांच्या आसपास, म्हणजे चुंबक सुटल्यानंतर थोडेसेच पुढे. घाईतला स्पर्धक हे ‘थोडेसे’ ओलांडून जातो. दिव्यांच्या झगझगाटात पात्याचा लाल रंग आहे त्यापेक्षा फिका भासतो, म्हणून तो आणखी तापवत राहतो, पोलादाच्या आतले कण मोठे होतात, आणि पुढे एका फटक्यात पाते दुभंगते. भट्टीपाशी उजेड मंद का ठेवावा, हे कुणालाही वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तेलाची निवडही अशीच डोळ्यांसमोर उलगडते. १०९५ या पोलादाला कडक व्हायचे असेल तर तापमानाचा सुरुवातीचा उतार एका सेकंदाच्या आत पार करावा लागतो. संथ तेलात ते वरवर कडक झाल्यासारखे वाटते, पण धार मऊ राहते. तेलाने काम होत नाही असे वाटून जो ऐनवेळी पाण्याकडे वळतो, त्याला कित्येकदा तो बारीक ‘टिंग’ असा आवाज ऐकू येतो आणि पात्यावर आरपार चीर दिसते.

पाते वाकडे होण्याची तऱ्हाही नीट पाहण्याजोगी आहे. एका बाजूने जास्त घासलेले, नॉर्मलायझिंग (कडक करण्याआधी तापवून हवेत निवू देणे) न केलेले किंवा तेलात तिरपे शिरलेले पाते बाहेर येते तेव्हा केळीच्या पानासारखे एका अंगाला कललेले असते. अनुभवी स्पर्धक अशा वेळी घाबरत नाही. तेलातून काढलेले पाते सुमारे २०० अंशांच्या खाली उतरेपर्यंत पुरते कडक झालेले नसते, आणि तेवढ्या मोजक्या सेकंदांत ते हातमोज्यांनी किंवा शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून सरळ करता येते. हेच काम अर्ध्या मिनिटाने सुरू करणाऱ्याचे पाते शेगड्यातच कडकन मोडते. एकाच भागात ही दोन्ही दृश्ये शेजारी शेजारी पाहायला मिळतात, तेव्हा पुस्तकातला आलेख समजून घेण्यापेक्षा कितीतरी लवकर ही गोष्ट डोक्यात बसते. अर्थात त्याहून चांगला धडा आधीच्या टप्प्यात आहे : पाणी देण्यापूर्वी धारेची जाडी निदान अर्धा ते एक मिलिमीटर राखलेली असेल आणि दोन्ही बाजू सारख्या घासलेल्या असतील, तर पाते वाकडे होण्याची शक्यताच खूप घटते.

मोडलेल्या पात्याचा काप कॅमेऱ्यासमोर येतो तेव्हा मालिका थांबवून तो अवश्य पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. चांगले तापमान राखलेल्या पोलादाचा काप राखाडी, मऊ आणि मखमली दिसतो. अति तापलेल्या पोलादाचा काप खडीसाखरेसारखा चमकणारा, भरड कणांचा असतो. कापावर एखादा भाग काळसर किंवा रंग चढलेला दिसला, तर ती चीर जुनी आहे, पाणी देतानाच पडलेली आहे आणि चाचणीच्या फटक्याने ती फक्त उघडी पडली, असे समजावे. हा फरक ओळखता आला की कारागिराला आपल्या चुकीचा टप्पा सापडतो. त्यासाठी स्पर्धेत उतरायची गरज नाही. ज्या पट्टीतून चाकू करायचा तिचाच एक छोटा तुकडा त्याच भट्टीत, त्याच तेलात कडक करून शेगड्यात मोडावा आणि काप पाहावा. नवे पोलाद हाती आले की सर्वांत आधी हेच करावे, आणि चाकू विकणाऱ्याने तर ते कधीही टाळू नये.

पोलाद कुठून आले आहे याला इतके महत्त्व का, हेही मालिका चांगले दाखवते. स्पर्धकांना कधी गाडीच्या स्प्रिंगा, कधी गवतकापणी यंत्राची पाती, कधी साखळ्या, तारेचे दोर किंवा बेअरिंगच्या गोळ्या देतात. गाडीच्या स्प्रिंगेतून बऱ्याचदा ५१६०सारखे चिवट पोलाद मिळते, परंतु भंगारातल्या लोखंडावर त्याचे नाव लिहिलेले नसते, आणि जो स्पर्धक तुकडा कापून, कडक करून कानशीने तपासतो तोच पुढे निर्धास्त राहतो. कानस पात्यावरून घसरली तर पोलाद कडक झाले, चावली तर मऊ राहिले, ही सर्वांना ठाऊक असलेली खूण आहे. मात्र भट्टीत वारंवार तापल्याने पोलादाच्या वरच्या पापुद्र्यातला कार्बन जळून जातो. असा पापुद्रा कानशीखाली मऊ लागतो आणि आतले पोलाद उत्तम कडक झालेले असूनही स्पर्धक हताश होऊन पाते पुन्हा तापवायला घेतो. दोन-चार हात कानस मारून खालचा थर तपासला असता, तर ते पाते वाचले असते. इतक्या बारीक गोष्टीवर कुणाचे स्पर्धेतले स्थान जाताना पाहिले की ती कायमची लक्षात राहते.

डब्यात पोलादाची भुकटी आणि तुकडे भरून, तो तापवून ठोकून एकजीव करण्याचा जो प्रकार मालिकेने फार लोकप्रिय केला, त्याबद्दल माझे मत थोडे सावध आहे. डब्याच्या आतल्या बाजूला खाडाखोडीचा पांढरा द्रव फासला की डबा पात्याला चिकटत नाही, भुकटी हलवून दाबून भरली की पोकळ्या राहत नाहीत, आणि डबा आतपर्यंत तापेपर्यंत धीर धरून पहिले घाव हलके घातले की थर जुळतात. या तिन्ही गोष्टी मालिकेतून नेमक्या शिकता येतात. पण पुरेसा वेळ न देता बाहेर काढलेला डबा पहिल्याच घावाला उघडतो, आणि वरून एकसंध दिसणाऱ्या पात्याच्या पोटात न जुळलेली भेग राहते. ती घासताना दिसली तर नशीब. नाही दिसली तर ती ग्राहकाच्या हाती जाते. नवशिक्याने साध्या, एकाच पोलादाच्या पात्यावर हात पक्का बसल्याशिवाय १०८४ आणि १५एन२० या दोन पोलादांच्या थरांच्या नक्षीकडे वळू नये. फेरिक क्लोराइडमध्ये बुडवल्यावर उमटणारी ती नक्षी मोहक असते खरी, परंतु तिच्यामुळे धारेत काहीही भर पडत नाही.

धारेच्या चाचण्यांतून निदान करायला शिकता येते, आणि माझ्या मते हा मालिकेचा दुसरा मोठा लाभ आहे. शिंगावर किंवा हाडावर घाव घातल्यावर धार एका बाजूला मुडपली, तर पोलाद मऊ राहिले आहे किंवा धार कामाच्या मानाने फार पातळ आहे. धारेचे टवके उडाले, तर पाते फार कडक आणि ठिसूळ आहे, म्हणजे टेंपरिंग (कडक झालेले पाते पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा घालवणे) कमी झाले आहे किंवा कण भरड आहेत. धारेला काहीच झाले नाही, पण नंतर दोर किंवा ऊस कापताना पाते अडकले, तर दोष पोलादात नसून आकारात आहे : धारेच्या मागची जाडी जास्त आहे. हा तिसरा प्रकार सर्वांत जास्त दिसतो. पाते मोडेल या भीतीने स्पर्धक ते जाड ठेवतो, शेवटच्या मिनिटाला त्यावर वस्तऱ्यासारखी धार लावतो, कागद सर्रकन कापून दाखवतो, आणि प्रत्यक्ष कापायला घेतल्यावर तेच पाते पाचरीसारखे रुतते. धार तीक्ष्ण असणे वेगळे आणि पाते चांगले कापणारे असणे वेगळे, हे समजायला एरवी बरीच वर्षे जातात.

मुठीबद्दलचे धडे मला सर्वांत कठोर वाटतात, कारण तिथे हरणाऱ्याचे पाते बहुतेक वेळा चांगले असते. पात्याची जी शेपटी मुठीत जाते, ती पात्याला जिथे मिळते तिथे काटकोनी खाच ठेवली, तर सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो आणि पहिल्याच जोरदार घावाला मूठ एका हातात, पाते दुसरीकडे अशी अवस्था होते. तो कोपरा गोल कानशीने वळणदार ठेवणे आणि शेपटी कडक होऊ न देणे, किंवा झालीच असेल तर पुन्हा तापवून तिला मऊ करणे, एवढेच त्यावरचे उपाय आहेत. त्यांना फारसा वेळही लागत नाही. दुसरीकडे पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या इपॉक्सी या गोंदावर विसंबलेल्या मुठी हादऱ्यांनी सुटतात, पिनांभोवती फटी पडतात, लाकडाचे फाळके निघतात. स्पर्धेत वेळच नसतो, म्हणून ती नाइलाजाने वापरली जाते. आपल्या कार्यशाळेत मात्र चोवीस तास घेणारी इपॉक्सी न वापरण्याला काहीही सबब नाही. मार्कायडा मूठ हातात घेऊन ती कुठे रुतते, ओल्या हातात कुठे सरकते, घाव घालताना मनगट कसे वळते हे सांगतात, ते ऐकताना वही जवळ ठेवावी. आपण आपली मूठ दोन मिनिटे धरून पाहतो, वापरणारा ती तासभर धरणार असतो.

आता जिथे माझे मालिकेशी पटत नाही त्याविषयी. इथल्या चाचण्या बहुतांशी घावाच्या आहेत, त्यामुळे जाड पाठीचे, वजनदार पाते आपोआप फायद्यात राहते. ज्याला स्वयंपाकघरात वापरण्याचे चाकू करायचे आहेत, त्याने हे वळण उचलले तर त्याचे काम बिघडेल. पाठीशी दोन मिलिमीटर आणि धारेमागे एका मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाइतकी पातळ असलेली सुरी शिंगावर मोडली म्हणून ती वाईट ठरत नाही. शिवाय परीक्षक हाताने घाव घालतात, तेव्हा दोन पात्यांना अगदी सारखाच मार बसला असे म्हणता येत नाही, आणि प्रत्येक चाचणी एका पात्यावर एकदाच होते. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची कसोटी या बाबतीत कितीतरी काटेकोर आहे : तिथे उमेदवाराने स्वतः आपल्या पात्याने लोंबत ठेवलेला एक इंची दोर एका घावात तोडायचा, बांधकामाच्या लाकडाचे तुकडे पाडायचे, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी शेगड्यात धरून तेच पाते नव्वद अंशांत वाकवायचे, तरी ते दुभंगता कामा नये. एकाच पात्याकडून टणकपणा, तीक्ष्णपणा आणि चिवटपणा या तिन्हींची मागणी करणारी ही क्रमवार परीक्षा दूरचित्रवाणीवर तितकी रंगतदार दिसणार नाही, पण शिकणाऱ्याने आपल्यासाठी हाच नमुना धरावा. धार किती काळ टिकते हा प्रश्न तर मालिकेत जवळजवळ येतच नाही. त्यासाठी शेफील्डच्या ‘कॅट्रा’ या संस्थेची यंत्रे वाळूचे कण मिसळलेले पुठ्ठे पुन्हा पुन्हा कापून मोजमाप करतात आणि आयएसओ ८४४२-५ या मानकात तशा चाचणीची पद्धत ठरवून दिलेली आहे. तेवढे यंत्र कुणाच्या घरी नसते, परंतु एकाच जाडीचा दोर एकाच फळीवर कापत राहून धार कधी बसते हे मोजायला कुणालाही जमेल.

आणखी एक उणीव आहे आणि ती नवशिक्याला खरोखर घातक ठरू शकते. पाणी देण्याचा ज्वाळांनी भरलेला क्षण मालिका वारंवार दाखवते, टेंपरिंग मात्र पडद्यावर फारसे दिसत नाही, कारण भट्टीत सुमारे २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा ठेवलेल्या पात्यात पाहण्यासारखे काही घडत नसते. म्हणून पाहणाऱ्याचा समज होतो की तेलातून निघालेले पाते तयार झाले. तसे पाते काचेइतके ठिसूळ असते आणि हातातून निसटून फरशीवर पडले तरी मोडू शकते. त्याचप्रमाणे नॉर्मलायझिंगच्या फेऱ्या, हाताने पॉलिश कागद घासण्याचे कंटाळवाणे तास आणि म्यान शिवणे हे सगळे संकलनात गळून गेलेले आहे, तरी चांगल्या चाकूच्या घडणीतला मोठा वेळ नेमका तिथेच जातो.

घड्याळाबद्दल मात्र मी मालिकेची बाजू घेईन. तीन तासांची मर्यादा अनैसर्गिक असली तरी तिच्यामुळे कामाचा क्रम उघडा पडतो. पहिला तास आकृतीला नटवण्यात घालवणारा स्पर्धक शेवटच्या दहा मिनिटांत पाणी देतो आणि वाकडेपणा निघाला तर त्याच्याकडे दुसरी संधी उरत नाही. उलट आधी मापे साधून, पाते लवकर कडक करून घासायला वेळ राखणारा शांतपणे पुढच्या फेरीत जातो. उष्णतेने गळून गेलेल्या काही स्पर्धकांना वैद्यकीय सल्ल्याने माघार घ्यावी लागल्याचेही मालिकेत दिसले आहे, आणि भट्टीजवळ तासन्‌तास एकटे काम करणाऱ्यांनी पाणी पिण्याची आणि थांबण्याची वेळ ठरवून ठेवणे किती गरजेचे आहे, ते त्यातून कळते.

पाहण्याची पद्धत म्हणाल, तर चाचणी सुरू होण्याआधी मालिका थांबवावी, चाचणीला आलेल्या सर्व पात्यांकडे बघून कुठले पाते कशामुळे आणि कुठे निकामी होईल ते लिहून ठेवावे आणि मगच पुढे जावे. सुरुवातीचे हंगाम त्यासाठी अधिक चांगले आहेत, कारण त्यांत साधी पोलादे आणि ओळखू येणाऱ्या चुका जास्त आहेत. २०१८ची ‘नाइफ ऑर डेथ’ ही उपमालिका, जिच्यात स्पर्धक आपापली शस्त्रे घेऊन अडथळ्यांची मालिका कापत पुढे जातात, कारागिराला फारसे काही देत नाही; तिथे घडण आधीच होऊन गेलेली असते. २०२०ची ‘बीट द जजेस’ मात्र चुकवू नये. त्यात पूर्वीचे विजेते परीक्षकांशी सामना करतात, आणि एरवी इतरांच्या कामातले दोष दाखवणारी माणसे स्वतः भट्टीसमोर उभी राहिल्यावर कुठे वेळ घालवतात, कुठे मुळीच घाई करत नाहीत आणि वाकडे झालेले पाते हाती आले की पहिली हालचाल कोणती करतात, हे त्यांच्या हातांकडे पाहूनच टिपून घेता येते.